म्हातारीच्या खुब्याचा हिशेब: 'किती रुपये वाचले?' याचं उत्तर काय लिहू?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी केज तालुक्यात एका छोट्या संस्थेत काम करतो. शिक्षण समाजकार्याचं, तुळजापूरला टाटा संस्थेत झालं. गेल्या हंगामात आम्ही अकरा गावांत एक प्रयोग केला. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल त्या घरी आमची नर्सताई जाते, बरोबर गावची आशाताई. तिसरा एक पोरगा आहे, तो फक्त कागदं काढून देतो. हयातीचा दाखला, २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आधारला मोबाइल जोडणं, निराधार योजनेचा अडकलेला पगार सुरू करणं. चौथी शेजारची एखादी बाई. ती सकाळ-संध्याकाळ येऊन कूस बदलते, अंग पुसते, दोन घास भरवते. तिला रोजचे १५० रुपये. दवाखान्याचं काम आणि दवाखान्याबाहेरचं काम एकाच वहीत, एवढीच काय ती कल्पना.

आता पैसे देणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा निरोप आलाय: "दोन पानांत लिहून द्या, सरकारचे किती रुपये वाचले. आणि कॉस्ट इफेक्टिव्ह आहे का ते."

एका घराचा हिशेब मांडून पाहिला. आजी ७२ वर्षांच्या. दसऱ्यानंतर न्हाणीपाशी घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, एक रुपया लागला नाही. नवव्या दिवशी घरी. घर पत्र्याचं, लघवीची नळी लावलेली, बाज दारात. लेक आणि सून दोघं ऊसतोडीला जाणारे, म्हणजे एक कोयता. ऑपरेशन फुकट झालं, पण बाजेवरून उठवणार कोण, हे कुठल्याच योजनेच्या पाकिटात नाही.

आमचा पाच महिन्यांचा खर्च असा: नर्सताईच्या १४ भेटी, पेट्रोल धरून भेटीला ३५०, म्हणजे ४,९००. हवेची गादी २,८००. शेजारच्या मावशींचे १५० दिवसांचे २२,५००. कागदाच्या पोराचा वेळ १,२००. एकूण ३१,४००.

वाचलं काय? सून आजीपाशी थांबली असती तर अर्धा कोयता बुडाला असता. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन टनाला ३६६ रुपये ठरले. दिवसाला तिच्या वाट्याचा एक टन धरला तर १५० दिवसांचे ५४,९००. शिवाय बेडसोर (पडून पडून होणारी जखम) होऊन पुन्हा भरती झाली असती, ती टळली, म्हणून अंदाजे ४०,००० सरकारचे धरले. निराधारचे महिन्याला १,५०० सुरू झाले ते 'फायदा' मध्ये टाकले.

नेटवर वाचून क्वालीही काढली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धडधाकट एक अख्खं वर्ष म्हणजे १, मरण म्हणजे ०, मधलं सगळं मधे.) नर्सताईनं ते पाच प्रश्न विचारले: चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः करणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी. 'रोजची कामं' विचारल्यावर आजी म्हणाल्या, "कामं सुनंनं करायची असतेत, मला काय इचारतीस?" आणि चिंतेच्या प्रश्नाला: "चिंता नाही माय. लाज वाटती." लाजेला रकाना नव्हता, तिनं 'थोडी चिंता' वर खूण केली.

माझ्या हिशेबानं ०.२ वरून ०.४ वर गेल्या. ०.२ चा फायदा, म्हणून ३१,४०० भागिले ०.२ = एका क्वालीला १,५७,०००. एका क्वालीचा खर्च दरडोई उत्पन्नाच्या आत असला की परवडतं असं धरतात. भारताचं दरडोई उत्पन्न दोन लाखांच्या वर आहे, म्हणजे पास. बरोबर आहे का? जाणकारांनी झोडपावं.

परळी_जंक्शन
झोडपायला मी पहिला. बँकेत ३४ वर्षं काढली आहेत, हिशेबाला घाबरत नाही. पण सासूची कूस बदलायला शेजारणीला दीडशे रुपये रोज? आमच्या आईला शेवटची तीन वर्षं घरातच सांभाळलं, एक पैसा कोणाकडून घेतला नाही. उद्या लेकरं म्हणतील, कंपनीचा माणूस येतो की बघायला. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्याकडं अर्ज करा, मुलाकडून निर्वाहखर्च मिळतो.

मांजराकाठ
काका, मुलगा कारखान्यावर ऊस तोडतोय. त्याच्याकडून निर्वाहखर्च काय काढणार? तुमच्या आईंना कोणी सांभाळलं, तुम्ही की काकूंनी?

परळी_जंक्शन
घरातल्यांनी.

हिशेबनीस
मूळचा नांदेडचा, आता पुण्यात, हेच काम पोटासाठी करतो. मांजराकाठ, प्रामाणिक मांडणी आहे म्हणून सविस्तर लिहितो. चार ठिकाणी घसरलात.

पहिलं आणि मोठं: क्वालीत वेळ असते. ०.२ चा फायदा पाच महिने टिकला, वर्षभर नाही. म्हणजे ०.२ गुणिले ५/१२, साधारण ०.०८३. आता ३१,४०० ला भागा. एका क्वालीला ३,७६,८०० येतात. पास नाही, नापास. फायदा पुढंही टिकतो असं दाखवता आलं तर आकडा खाली येईल, पण ते दाखवावं लागेल, धरून चालणार नाही.

दुसरं, निराधारचे १,५००. समाजाच्या बाजूनं हिशेब मांडताना हे पैसे ना खर्च ना फायदा. सरकारच्या खिशातून आजीच्या बटव्यात गेले, देशात तेवढेच राहिले. तुमचा खर्च म्हणजे ते सुरू करायला लागलेला पोराचा वेळ. तो १,२०० मध्ये आलाय. आजीला त्याचं मोल किती हे वेगळं, ते तिच्या खाण्यापिण्यात आणि तब्येतीत दिसलं तर तिथंच मोजायचं. नाहीतर एकच रुपया दोनदा मोजला जातो.

तिसरं, गादी. ती पुढच्या पेशंटला जाणार ना? मग २,८०० एकट्या आजीच्या नावावर टाकू नका.

चौथं मला खरंच विचारायचंय. ते ४०,००० कुठून आले? तुम्ही नसता तर आजी बेडसोर होऊन खरोखर भरती झाल्या असत्या?

एक मात्र तुमचं बरोबर, आणि ते भलेभले विसरतात: सुनेचा रोज. दवाखान्याच्या बाजूनं बघितलं तर तुमचं काम ३,७६,८०० ला एक क्वाली, महाग. घरादारासकट बघितलं तर ५४,९०० वाचले, ३१,४०० लागले, २३,५०० हातात उरले आणि वर तब्येत सुधारली. काम तेच, आजी तीच. फक्त वही कोणाची उघडली त्यावर निकाल उलटा लागतो. म्हणून अहवालाच्या पहिल्या ओळीत 'हा हिशेब कोणाच्या बाजूनं' हे लिहा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली अशा मूल्यमापनाची यंत्रणा २०१७ पासून काम करते, तेही आधी हेच विचारतात.

मांजराकाठ
क्वालीची चूक कबूल. शाळेत असतो तर कान धरला असता.

४०,००० चं उत्तर: नाही. भरती झाल्याच नसत्या. पुन्हा दवाखान्यात न्यायला गाडीभाडं आणि सोबत राहणारं माणूस लागतं. दोन्ही नव्हतं. घरीच पडून राहिल्या असत्या, आणि पुढचं तुम्हाला कळतंय.

हिशेबनीस
मग सरकारचा एक रुपयाही वाचलेला नाही. उलट तुमच्यामुळं वाढला. नर्सताईनं लघवीचा संसर्ग ओळखला असेल, औषधं उपकेंद्रातून गेली असतील. निराधारचा पगार सुरू झाला तो तिजोरीला भारच.

लीड्सची_लातूरकरीण
हा धागा वाचून राहवलं नाही. मी इथं इंग्लंडात बारा वर्षं वृद्धांच्या घरी जाऊन काम करते, आता टीम बघते. हिशेबनीस म्हणतात तेच इथं मोठ्या प्रमाणावर घडलंय.

इकडं दवाखाना एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, सगळ्यांना फुकट. पण आंघोळ घालणं, जेवण भरवणं, उठवून बसवणं हे नगरपालिकेचं खातं, आणि ते ऐपत बघून. इंग्लंडात वर्षानुवर्षं रेषा अशी की २३,२५० पौंडांच्या वर पुंजी असेल तर खर्च तुमचा तुम्ही करायचा. म्हणून होतं काय, आजोबांचा खुबा बरा होतो, डॉक्टर म्हणतात घरी जा, पण घरी बघायला येणारं माणूस ठरत नाही, आणि आजोबा तीन आठवडे वॉर्डातच. खाट एनएचएसची अडते आणि बघणारं माणूस द्यायचं नगरपालिकेनं. नगरपालिकेनं पैसे घातले तर वाचतात एनएचएसचे. आमच्या मीटिंगमध्ये याला सरळ 'चुकीचा खिसा' म्हणतात.

त्यावर उपाय म्हणून २०१५-१६ पासून दोघांचा थोडा पैसा एका हंड्यात घालायला लावला. २०२२ च्या जुलैत अख्ख्या इंग्लंडाचे ४२ भाग करून दोन्ही खात्यांना एका मांडवाखाली बसवलं. प्रत्येक वेळी सांगितलं की याने पैसे वाचतील. पण २०१७ मध्ये इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं, आपल्या कॅगसारखंच ते, स्पष्ट लिहिलं: एकत्रीकरणामुळं टिकाऊ बचत होते किंवा दवाखान्यातली गर्दी कमी होते असा ठोस पुरावा नाही. यंत्रांचंही तेच. घरोघरी बीपी-साखर मोजून पाठवणारी यंत्रं बसवली, त्याचा मोठा अभ्यास २०१३ ला छापून आला, एका क्वालीला ९२,००० पौंड निघाले. इकडची तेव्हाची नेहमीची मर्यादा २० ते ३० हजारांची होती.

कारण काय? मी दारात उभी राहून बघते ना. एका आजीचं ड्रेसिंग करायला जावं, तर आतल्या खोलीत तिचा नवरा दोन वर्षं आंघोळीविना. तो कोणाच्याच यादीत नव्हता. जोडून काम करायला लागलं की असे लोक सापडतात. सापडले की खर्च वाढतो. त्याला वाया गेला म्हणायचं का?

आणि आजींच्या 'लाज वाटती' साठी: रकाना आहे. केंट विद्यापीठानं सामाजिक देखभालीसाठी वेगळी प्रश्नावली केलीय, अ‍ॅस्कॉट म्हणतात. त्यात स्वच्छता, खाणंपिणं, घरातली सुरक्षितता, लोकांत मिसळणं, आपल्या दिवसावर आपला ताबा, हे सगळं आहे. आणि 'मदत करणारे तुमच्याशी जसं वागतात त्यानं तुम्हाला स्वतःबद्दल कसं वाटतं' हाही प्रश्न आहे. तुमच्या पाच प्रश्नांत आजीच्या पायाची प्रगती दिसते, मावशींच्या हाताची दिसत नाही.

डॉ_साधाताप
ग्रामीण रुग्णालयात आहे, ओपीडी संपवून लिहितोय, तुटक वाटेल.

भावनेत वाहू नका एवढंच सांगतो. 'घरच्यांना शिकवा, घरीच होईल' ही कल्पना स्वस्त म्हणून सगळ्यांना आवडते. लकव्याच्या पेशंटवर भारतातच मोठी चाचणी झाली, १४ दवाखाने, १,२५० पेशंट, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आली. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून पाठवलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबित्व दोन्हीकडं सारखंच. ती चाचणी झाली म्हणून कळलं, नाहीतर आपण देशभर राबवून मोकळे झालो असतो.

मांजराकाठ, तुमच्याकडं तुलनेला दुसरी गावं आहेत का? ०.२ चं ०.४ झालं ते तुमच्यामुळं की हाड जुळल्यामुळं? खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस पाच महिन्यांत एरवीही थोडं सुधारतं. एका आजीवरून क्वाली काढणं म्हणजे एका शितावरून अख्ख्या गावजेवणाची परीक्षा.

नर्स, आशा आणि कागदवाला एका वेळी एका घरात, हे मात्र मला हवंय. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना गोळी नको असते, दाखल्यावर सही हवी असते.

आशा_नव्हे_निराशा
मी आशा आहे, शेजारच्याच तालुक्यात. सगळं वाचलं. इतक्या रकान्यांत माझा वेळ कुणीच धरला नाही. नर्सताईच्या भेटीचे ३५० धरले, तिच्या गाडीवर मागं बसलेली मी शून्य का?

बाळंतिणीच्या घरी सहा-सात भेटी दिल्या की २५० रुपये. तीस वर्षांवरच्या माणसाचा फॉर्म भरला की १० रुपये. म्हातारीची कूस बदलली तर कोणता कोड टाकू? लेकराला बघायला गेले की माझं काम, त्याच घरातल्या आजीला बघितलं तर समाजसेवा.

आणि भाऊ, राग मानू नका, तुमचा अर्धा कोयता खोटा आहे. कुठली सून थांबते? मुकादमाकडून उचल जोडीची घेतलेली असते, लग्नाला नाहीतर दवाखान्याला खर्चून मोकळी झालेली. एक दिवस खाडा झाला तर दंड कापतेत, पाच महिने कोण थांबू देईल? बायका गर्भपिशव्या काढून घ्यायल्यात कामावरून राहू नये म्हणून. बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायांची तपासणी झाली २०१९ ला, त्यात १३ हजारांच्या वर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. ती सून सासूसाठी थांबंल का?

सून जाती. आजीपाशी कोण राहतं ते त्या घरी जाऊन विचारा. मला म्हाईत आहे, पण तुम्हीच विचारा.

परळी_जंक्शन
आशाताईंचा मुद्दा बिनतोड.

पाटोद्याची_पोर
कोण राहतं ते मी सांगते, विचारायला जाऊ नका.

मी सहावीत होते. आजी आणि मी. आई-बाप भाऊबीजेनंतर ट्रॅक्टरमधून गेले ते पाडव्याला आले. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं, म्हणजे लेकरांनी आई-बापाबरोबर न जाता गावात राहायचं, जेवणाची सोय व्हायची. योजना चांगली, माझ्यासारख्या कितीजणी त्यामुळं शाळेत राहिल्या. फक्त माझं नाव हजेरीत होतं आणि मी घरी होते. आजीला दिसायचं नाही, आणि रात्री तिला उठवून बाहेर न्यायला लागायचं. मास्तरांना माहीत होतं, ते चांगले होते, काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

आजीनं मला एक शिकवलं. मीठ मोजून टाकायचं नाही, हातानं टाकायचं. मी तिचं औषधही तसंच हातानं टाकायचे, किती ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढं काय झालं ते लिहीत नाही.

मी नंतर शिकले, नोकरीला आहे, म्हणून इथं लिहितेय. माझ्या वर्गातल्या दोघी लिहिणार नाहीत. सातवीनंतर त्यांची लग्नं झाली आणि त्या आता स्वतः कोयता आहेत.

हिशेबात मला धरताना रोज किती धराल? बारा वर्षांच्या पोरीला बाजारात मजुरी नाही, धरूही नये.

हिशेबनीस
दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

पुस्तकात घरच्या माणसाच्या वेळेची किंमत काढायच्या दोन वाटा आहेत. एक, त्या वेळात त्यानं काय कमावलं असतं. दुसरी, तेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं तर काय पडेल. सुनेला पहिली वाट लागते, म्हणून ५४,९००. रोहयोचा २०२५-२६ चा ३१२ चा दर धरला असता तर ४६,८००. पोरीला पहिल्या वाटेनं शून्य येतो. दुसऱ्या वाटेनं मावशींचाच दर येतो, २२,५००, म्हणजे मांजराकाठनं खर्चात धरलेला आकडा फायद्यात टाकून त्या रकमेपुरती बेरीज शून्यावर आणायची. दोन्ही उत्तरं तांत्रिकदृष्ट्या चालतात आणि दोन्ही वाचून मला माझ्याच धंद्याचा कंटाळा आला.

सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत आहे की घरात देखभाल करणारी बाई दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालते, पुरुष करत असेल तर ७६. घरकाम वेगळं, बाईचं २९९, पुरुषाचं ९७. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत यातलं काही येत नाही. तिथं २०२१-२२ ला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ३९.४ टक्के दिसतो, २०१३-१४ ला ६४.२ होता. घट झाली म्हणून आपण खूश. पण खिशातूनच गेलं तर मोजतात, अंगातून गेलं ते मोजत नाहीत.

मांजराकाठ, आता तुमच्या हिशेबाचं काय ते सांगतो. सुनेचे ५४,९०० काढून टाका, आशाताई बरोबर आहेत. ४०,००० आधीच गेले. खाली राहिलं ते: ३१,४०० खर्च, आजीची थोडी क्वाली, आणि पोरीची शाळा. तुमचा फायदा शिक्षण खात्याच्या खिशात पडलाय, लातूरकरीण म्हणतात तो चुकीचा खिसा इथंही आहे, फक्त तिसऱ्याच खात्याचा. शाळेची हजेरी मिळते का बघा. तेवढा एकच आकडा तुमच्याकडं खरा असेल.

साहेबांना उदाहरणं हवी असतील तर जवळची द्या. बीडच्या शिवेवर जामखेड, १९७० पासून आरोळे दांपत्यानं गावातल्याच बायकांना शिकवून पाणी, पोषण, बाळंतपण आणि जातीपातीचा प्रश्न एकत्रच हाताळला, दवाखान्याचं खातं वेगळं ठेवलं नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याचा घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा प्रयोग १९९९ ला लॅन्सेटमध्ये आला, त्यात हिशेब इतका स्वच्छ की दर बाळाला ५.३ डॉलर, दर १८ बाळांमागं एक मृत्यू टळला. आशाताईंच्या त्या अडीचशे रुपयांच्या भेटी त्यातूनच आल्या. आणि केरळात २००८ पासून उपशामक (दुखणं हलकं करणाऱ्या) देखभालीचं राज्याचं धोरण आहे, ग्रामपंचायत पैसे घालते, गावचे स्वयंसेवक आणि नर्स मिळून घरी जातात. तिथं 'किती वाचले' पेक्षा 'किती घरं गाठली' हा प्रश्न आधी विचारला गेला.

बाळाच्या बाबतीत आकडा सोपा, मृत्यू टळतो. आजीच्या बाबतीत मृत्यू टळत नाही, म्हणून अवघड जातं.

डॉ_साधाताप
+१. आणि पुढच्या हंगामात पाच गावं उशिरा सुरू करा, तेवढीच तुलना होईल. फॉर्म मी बनवून देतो, विपूत (माझ्या निरोपाच्या पानावर) लिहा.

मांजराकाठ
उशीर झाला, क्षमस्व. त्या घरी गेलो होतो.

नात सातवीत आहे. घर दाखवायला तीच पुढं चालत होती, म्हणजे आम्ही पाच महिने जात होतो आणि मी तिला एकदाही नीट बघितलं नव्हतं. शाळेत जाऊन हजेरी बघितली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्यानंतरचे पहिले दहा दिवस गैरहजर. आम्ही मावशी लावल्या, त्यानंतर डिसेंबरात २२ दिवस हजर. बाकी घरांत अशी लेकरं किती, हे आमच्या वहीत नाहीच. नर्सताईच्या फॉर्मवर 'काळजी घेणारे' पुढं तिनं सगळीकडं 'सून' लिहिलंय, कारण छापील पर्याय तेवढेच होते: मुलगा, सून, मुलगी, इतर.

अहवाल दिला. 'सरकारचे किती वाचले' पुढं 'वाचले नाहीत, वाढले' असं लिहिलं आणि का ते दीड पान. क्वाली दिली, पाच महिन्यांची, एका घरावरून निष्कर्ष काढू नये ही टीप घालून. नातीची हजेरी दिली. आशाताईंच्या भेटींचे पैसे पुढच्या अंदाजपत्रकात धरले, भेटीला १०० मागितले आहेत. गादीचा खर्च चार पेशंटवर वाटला.

साहेबांचा फोन आला. म्हणाले, "हे बोर्डासमोर कसं ठेवू?" मी म्हटलं, जसं आहे तसं. म्हणाले, बघतो. पाच गावं उशिरा सुरू करायच्या कल्पनेला मात्र लगेच हो म्हणाले, त्यात त्यांचा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च कमी होतो.

काका, तुमचा प्रश्न राहिला. मावशींना दीडशे देण्यावर गावात बोलणं झालंच. दोघीजणी म्हणाल्या, पैसे नकोत, पुण्य आहे. तिसऱ्या आठवड्यात दोघी यायच्या बंद झाल्या, कापूस वेचायला गेल्या. पैसे घेणाऱ्या एकही दिवस चुकल्या नाहीत.

परळी_जंक्शन
ठीक. बायकोला विचारलं, आईच्या वेळी रोज किती तास जायचे. ती म्हणाली, आता विचारताय?

लीड्सची_लातूरकरीण
काका 😄
मांजराकाठ, अ‍ॅस्कॉटचे प्रश्न मराठीत उतरवायचे असतील तर सांगा, मी आणि आशाताई मिळून करू. पुस्तकी मराठी नको, आजीला कळेल असं.

आशा_नव्हे_निराशा
करू. पण रात्री नवानंतर, आधी वेळ नसतो. आणि छापील पर्यायांत 'नात' लिहा, 'इतर' मध्ये घालू नका.

बालाघाटी
वाचनमात्र होतो. अवांतर विचारतो, माफी असावी: वडिलांना लकवा झालाय, अंबाजोगाईत आहोत. हवेची गादी कुठं स्वस्तात मिळेल? मेडिकलवाला साडेतीन हजार सांगतोय.

मांजराकाठ
घेऊ नका. या आजी आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात, त्यांची गादी रिकामी आहे. मोटार थोडी आवाज करते, उशीखाली घेऊ नका, बाजेच्या पायाला बांधा. सोमवारी केजला बाजारला कोणी येणार असेल तर घेऊन जा, विपूत नंबर टाकतो. वडिलांची कूस दर दोन तासांनी बदलायची, गादी असली तरीही.